मुद्रेची भाषा : सर्वांची एक की समाजागणिक निराळी?

'चेहरा हा मनाचा आरसा आहे' हे वाक्य शाळेतील निबंधांपासून आपल्या सोबतीला आहे. पण आरसा म्हटला की त्यात कोणीही डोकावले तरी तेच दिसावयास हवे. मग बिरसीच्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरचे दुःख जपानमधील माणसास ओळखता येईल काय? पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात राहणाऱ्या बाईचा राग, तिच्या भाषेतील एक शब्दही न कळता, आपणास कळेल काय? की जशी भाषा, जसा पोशाख, तसे चेहऱ्यावरील भावही ज्या त्या समाजाने शिकविलेले असतात? मानसशास्त्रात हा प्रश्न दीडशे वर्षांहून अधिक काळ वादाचा राहिला आहे. मानसशास्त्र आणि मराठी वाङ्मय हे दोन्ही विषय घेतलेली विद्यार्थिनी म्हणून मला तो दोन्ही अंगांनी जवळचा वाटला. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे.

मराठी भाषेची साक्ष

शास्त्रज्ञांकडे वळण्यापूर्वी आपण आपल्या भाषेलाच विचारू. चेहऱ्यासंबंधीचे वाक्प्रचार मराठीत विपुल आहेत. नाक मुरडणे, डोळे वटारणे, दातओठ खाणे, कपाळाला आठ्या पडणे, तोंड उतरणे, आ वासणे, चेहरा पांढराफटक पडणे, डोळे भरून येणे, जीभ चावणे, तोंडात बोट घालणे, कपाळाला हात लावणे. यादी आणखी वाढविता येईल. परंतु थोडे निरखून पाहिले असता या सर्वांची जात एक नाही, असे दिसून येते. माझ्या मते त्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट शरीराला आपोआप होणाऱ्या गोष्टींचा : चेहरा पांढरा पडणे, डोळे भरून येणे, अंगावर काटा येणे, घाम फुटणे. या गोष्टी कोणी कोणास शिकवीत नाही आणि मनात आणून त्या करता येणे अतिशय कठीण. भरताच्या नाट्यशास्त्रात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे जे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, ते नेमके हेच.

तिसरा गट आधी पाहू. जीभ चावणे, तोंडात बोट घालणे, कपाळाला हात लावणे या खुणा आहेत. त्या समाजात नाण्याप्रमाणे चालतात आणि नाण्याप्रमाणेच वेशीपलीकडे चालतीलच असे नाही. १९९९ साली जोनाथन हाइट आणि डॅकर केल्टनर या संशोधकांनी अमेरिकेतील आणि ओडिशातील लोकांस चेहऱ्यांची छायाचित्रे दाखविली. त्यांत दातांखाली जीभ धरलेला एक चेहरा होता. ओडिशातील लोकांनी ती लाज म्हणून ओळखली; बहुतेक अमेरिकनांस तिचा तसा बोध झाला नाही. आपल्याकडे एखाद्या लहान मुलीलाही त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

खरा वाद आहे तो मधल्या गटाविषयी. नाक मुरडणे, भुवया उंचावणे, आठ्या पडणे, ओठांचे कोपरे खाली येणे, हसणे, या हालचाली आपोआपही होतात आणि आवरताही येतात. त्या निसर्गाच्या मानाव्या की समाजाच्या?

डार्विनचे प्रश्नपत्रक आणि नगर जिल्हा

या प्रश्नाचा पद्धतशीर शोध प्रथम घेतला तो चार्ल्स डार्विनने. मनुष्य व प्राणी यांच्यातील भावनांच्या अभिव्यक्तीवरील त्याचा ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध झाला. भाव व्यक्त करण्यासाठी माणसाला खास स्नायू देण्यात आले आहेत, असे सर चार्ल्स बेल याचे मत होते. डार्विनला ते मान्य नव्हते. सर्व मानववंश एकाच मुळापासून आले असतील तर त्यांचे भाव दाखविण्याचे मार्गही सारखे असले पाहिजेत, अशी त्याची विचारसरणी होती. ही गोष्ट पडताळण्यासाठी १८६७ साली त्याने प्रश्नांचे एक पत्रक जगभर पाठविले. आश्चर्य वाटले असता डोळे व तोंड उघडतात काय, भुवया वर जातात काय, लाजेने चेहरा लाल होतो काय, होकारार्थी मान वरखाली हलविली जाते काय, असे १६ प्रश्न त्याने ग्रंथात दिले आहेत. स्मरणावर विसंबू नका, प्रत्यक्ष पाहून लिहा, अशी त्याची विनंती होती. त्याला ३६ जणांकडून उत्तरे आली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या उत्तरांपैकी एक महाराष्ट्रातून गेलेले होते. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात एच. अर्स्किन नावाचे गृहस्थ राहत होते. त्यांनी तेथील लोकांच्या मुद्रा लक्षपूर्वक पाहिल्या. परंतु निश्चित असा निष्कर्ष काढणे त्यांना फार अवघड गेले. कारण काय? तर येथील लोक युरोपीय माणसासमोर आपल्या सर्व भावना सवयीनेच लपवितात! डार्विनने हे कारण ग्रंथात प्रांजळपणे नमूद केले आहे.

आता याच ग्रंथातील दुसरी हकीकत पाहा. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील जे. स्कॉट यांनी नागपूरच्या एका अगदी तरुण धांगर स्त्रीविषयी कळविले आहे. ती उद्यानातील एका माळ्याची पत्नी. तिचे तान्हे मूल मरणाच्या दारात होते आणि ती त्याला मांडीवर घेऊन बसली होती. स्कॉट झाडांच्या आडून, तिला न दिसता, काही वेळ पाहत राहिले. भुवयांची आतली टोके वर उचललेली, पापण्या झुकलेल्या, कपाळाच्या मध्यभागी सुरकुत्या, तोंड किंचित उघडे आणि ओठांचे कोपरे खाली ओढलेले, असा तिचा चेहरा त्यांना स्पष्ट दिसला. इंग्लंडमधील दुःखी माणसाची जी मुद्रा डार्विनने वर्णिली आहे, ती हीच. मग स्कॉट पुढे येऊन तिच्याशी बोलले, तेव्हा ती दचकली, ढसढसा रडू लागली आणि माझे मूल बरे करा म्हणून विनवू लागली.

'नागपूर' हे नाव वाचून आम्हा वैदर्भीयांनी हुरळून जाऊ नये. त्या काळी बंगालमध्ये 'धांगर' हे नाव छोटा नागपूरकडून मजुरीसाठी येणाऱ्या आदिवासींना लावीत असत; म्हणून ही स्त्री तिकडचीच असण्याचा संभव अधिक. पण ती कुठलीही असो, तिच्या त्या मुद्रेला आपण ओळखतो.

या दोन हकीकती शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. अर्स्किन समोर उभे होते, त्यांना काही दिसले नाही. स्कॉट आडोशाला होते, त्यांना सगळे दिसले. नगरच्या लोकांना भावना नव्हत्या किंवा त्यांच्या चेहऱ्याची भाषा निराळी होती, असे नव्हे. अर्स्किन यांना जो कोरा चेहरा दिसला, त्याचे अर्धे कारण ते स्वतः होते. साहेब पुढे असताना चेहरा कोरा ठेवणे हे त्या काळच्या रयतेचे शहाणपण होते. या लेखातील पुढील सर्व विवेचन या एका मुद्द्याभोवती फिरणार आहे.

न्यू गिनीतील प्रयोग

डार्विननंतर हा विषय बराच काळ मागे पडला. विसाव्या शतकाच्या मध्यास मार्गारेट मीड, रे बर्डव्हिसल यांसारखे मानववंशशास्त्रज्ञ उलट बाजूचे होते. हसू देखील प्रत्येक समाजात निराळ्या अर्थाचे असते, असे त्यांचे म्हणणे. हे चित्र पालटले ते पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांच्या कामामुळे.

निरनिराळ्या देशांतील लोक सारखेच चेहरे ओळखतात असे आढळले, तरी त्या सर्वांनी तेच चित्रपट आणि तीच मासिके पाहिलेली असू शकतात. म्हणून १९६७-६८ साली एकमन यांनी पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील फोरे लोकांची निवड केली. बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध फार थोडा आला होता. वाचता न येणाऱ्यास शब्दांची यादी कशी द्यावयाची? त्यावर युक्ती काढली ती गोष्टीची. 'याचे मूल मेले आहे आणि त्याला फार वाईट वाटत आहे' अशा तऱ्हेची गोष्ट सांगून पुढे तीन छायाचित्रे ठेवावयाची व योग्य चेहरा दाखवावयास सांगावयाचे. १८९ प्रौढ आणि १३० मुले या प्रयोगात होती. आनंद, दुःख, राग, किळस, आश्चर्य या भावांचे चेहरे त्यांनी बहुतांशी बाहेरच्या जगाप्रमाणेच ओळखले. फक्त भय आणि आश्चर्य यांत त्यांचा घोटाळा झाला. हे निष्कर्ष १९७१ साली प्रसिद्ध झाले.

याच सुमारास फ्रीझन यांनी केलेला दुसरा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो, कारण अर्स्किन आणि स्कॉट यांची कोंडी तो जणू प्रयोगशाळेत आणतो. काही जपानी आणि काही अमेरिकन विद्यार्थ्यांना अंगावर शहारे आणणारे चित्रपट दाखविण्यात आले व लपविलेल्या कॅमेऱ्याने त्यांचे चेहरे टिपण्यात आले. एकटे असताना दोघांच्या मुद्रा सारख्याच होत्या. परंतु शास्त्रज्ञ खोलीत येऊन बसताच जपानी विद्यार्थी आपली किळस स्मिताखाली झाकू लागले. चेहरा कोणासमोर, केव्हा, किती दाखवावयाचा याचे नियम प्रत्येक समाज शिकवितो, असा अर्थ एकमन व फ्रीझन यांनी यातून काढला. या प्रयोगाच्या तपशिलांविषयी पुढे मतभेद झाले, तरी 'दाखविण्याचे नियम' ही कल्पना मात्र टिकून राहिली.

जन्मांध खेळाडूंचा पुरावाही येथे उल्लेखनीय आहे. २००४ सालच्या अथेन्स येथील स्पर्धांत डेव्हिड मात्सुमोटो आणि बॉब विलिंगहॅम यांनी अंध व डोळस ज्यूडोपटूंच्या छायाचित्रांची तुलना केली. ज्यांनी आयुष्यात कधी कोणाचा चेहरा पाहिला नाही, त्यांच्याही चेहऱ्यावर जयपराजयाचे भाव डोळस खेळाडूंसारखेच उमटले. इतकेच नव्हे, तर अंतिम सामना हरलेल्या अंध खेळाडूंच्या चेहऱ्यावरही ते औपचारिक, सभ्य हसू दिसले.

आक्षेपांचा विचार

यावरून प्रश्न सुटला असे मात्र समजू नये. १९९४ साली जेम्स रसेल यांनी दाखवून दिले की, या प्रयोगांत उत्तरे आधीच पुढे ठेवलेली असतात. आपल्या परीक्षेतील 'योग्य पर्याय निवडा' या प्रश्नात न शिकलेला विद्यार्थीही काही गुण मिळवितोच! पर्याय काढून घेतले की काय होते? २०१४ साली मारिया जेंड्रॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नामिबियातील हिंबा लोकांना चेहऱ्यांच्या छायाचित्रांचे आपल्या मनाने गट करावयास सांगितले. हसरे चेहरे त्यांनी एकत्र ठेवले. पण राग, दुःख, किळस यांचे पाश्चात्त्यांना अपेक्षित असे गट पडले नाहीत. २०१६ साली कार्लोस क्रिव्हेली व त्यांच्या सहकाऱ्यांना ट्रोब्रियंड बेटांवर असे आढळले की, आपण ज्याला भ्यालेला चेहरा म्हणतो, तो डोळे विस्फारलेला, आ वासलेला चेहरा तेथील मुलांना दुसऱ्याला धमकावणारा वाटतो.

२०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतर चार शास्त्रज्ञांनी या सर्व वाङ्मयाचा आढावा घेतला. राग आलेला माणूस भुवया आकसून, कपाळाला आठ्या घालून बसेलच असे नाही. तसे सरासरीने सुमारे ३० टक्के वेळाच घडते, असे त्यांनी नोंदविले. शिवाय कपाळाला आठ्या पडलेला माणूस रागावलेलाच असतो असेही नाही. तो गणित सोडवीत असेल किंवा डोळ्यांवर ऊन आले असेल.

दोन्ही पक्ष वाचल्यावर मला वाटते ते असे. चेहऱ्याची मुळाक्षरे बऱ्याच अंशी सर्व मानवजातीची आहेत. परंतु त्या मुळाक्षरांनी कोणासमोर काय लिहावे आणि काय खोडावे, हे समाज शिकवितो. मुळाक्षरे येतात एवढ्यावरून कोणतेही पत्र वाचता येईल असे मानणे ही चूक. आणि पत्र वाचता आले नाही म्हणून मुळाक्षरेच निराळी आहेत असे म्हणणे हीही चूकच.

भरताची अवहित्था

आपल्या पूर्वसूरींना या दोन्ही गोष्टींची जाण होती. नाट्यशास्त्रात रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय हे आठ स्थायी भाव सांगितले आहेत. एकमन यांनी मानलेल्या सहा भावांशी यांतील सहा सहज जुळतात : हास, शोक, क्रोध, भय, जुगुप्सा, विस्मय. नटासाठी दृष्टीचे ३६ आणि भुवयांचे ७ प्रकार भरताने सांगितले आहेत. २००० साली अहल्या हेजमाडी, रिचर्ड डेव्हिडसन आणि पॉल रोझिन यांनी नाट्यशास्त्राच्या आधारे दहा भावांचा मूक अभिनय चित्रफितीवर घेऊन भारतीय व अमेरिकन प्रेक्षकांना दाखविला. नुसत्या अंदाजाने जमले असते त्याहून कितीतरी अधिक भाव दोन्हीकडच्या प्रेक्षकांनी अचूक ओळखले.

परंतु मला भरताचे खरे कौतुक वाटते ते तेहतीस व्यभिचारी भावांतील एका भावासाठी. त्याचे नाव अवहित्था, म्हणजे आपल्या मुद्रेवरील भाव झाकणे. लज्जा, भय, पराजय, गौरव आणि कपट ही त्याची कारणे सांगितली आहेत. ती माणसे दुसरेच काही बोलू लागतात, नजर दुसरीकडे वळवितात, उसने धैर्य आणतात. लपविणे हा भावाचा अभाव नव्हे, तो स्वतःच एक भाव आहे, हे भरताने ओळखले होते. कारणांच्या त्या यादीत कपटाच्या जोडीला गौरव, म्हणजे समोरच्या मोठ्या माणसाविषयीचा आदर आणि संकोच, आहे हे विसरू नये. अर्स्किन यांना नगर जिल्ह्यात चेहऱ्यांचा अभाव दिसला. भरताला तेथे अवहित्था दिसली असती.

आमच्या झाडीपट्टीत

गोंदिया जिल्ह्यात बिरसी म्हटले की लोकांना विमानतळ आठवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी येथे धावपट्टी बांधली. पुढे वैमानिकांचे शिक्षणही सुरू झाले आणि परप्रांतांतील तरुण गावाच्या रस्त्यावर दिसू लागले. त्यांच्यापैकी कोणी दुकानात काही विचारले की आमची माणसे मान किंचित बाजूला झुकवितात. विचारणारा गोंधळतो, हे हो की नाही? डार्विनच्या भारतातील निरीक्षकांनाही या खुणांनी असेच कोड्यात टाकले होते. मान मागे टाकून जिभेने 'च्च' असा आवाज करणे हा येथला नकार होय, असे डार्विनच्या ग्रंथात नोंदविलेले आहे. अशा खुणा कळल्या नाहीत तर आपण विचारतो व काम भागते. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र आपण विचारीत नाही. आपल्याला कळलेच आहे असे गृहीत धरतो. धोका तेथे आहे.

दंडारीच्या रात्री हा धोका नसतो. पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, मराठी बोलणाऱ्या घरांतील माणसे एकाच मैदानात बसतात. लुगडे नेसलेला पुरुष नट पदर तोंडाला लावून रडतो, तेव्हा शब्द न कळलेल्या म्हाताऱ्या बायाही डोळे पुसतात. विनोदी नटाने नाक मुरडले की सारे मैदान हसते. रंगमंचावर चेहरा उघडा असतो, कारण तेथे तो दाखविण्यासाठीच असतो. सकाळी तीच माणसे धानाच्या मापासाठी किंवा दाखल्यासाठी एखाद्या साहेबापुढे उभी राहिली की चेहरे बंद होतात. धान परत पाठविले तरी शेतकरी हात जोडून हसतो. ते हसू आनंदाचे नाही, हे त्याच्या घरच्यांना विचारावे लागत नाही.

याहून मनाला लागलेली गोष्ट एका शाळेतील आहे. चौथीच्या वर्गात गोंड कुटुंबातील एका मुलाला गृहपाठ न केल्याबद्दल गुरुजी रागावत होते. मुलगा मान खाली घालून, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरीत उभा होता आणि त्याच्या ओठांवर हसू होते. "वर हसतोस? लाज नाही वाटत?" म्हणून त्याला आणखी मार बसला. त्या हसण्याचा अर्थच मुळी 'मला लाज वाटते' असा होता! खाली घातलेली मान आणि जमीन उकरणे ही लज्जेची, म्हणजे व्रीडेची, लक्षणे भरताने दिलेली आहेत. गुरुजींनी ओठ पाहिले, पण मान आणि अंगठा पाहिला नाही. आणि आपण समोर छडी घेऊन उभे आहोत ही गोष्ट तर जमेसच धरली नाही.

समारोप

हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही, असे म्हणण्याचे कारण हे. शिक्षक, डॉक्टर, पोलीस, न्यायाधीश, अधिकारी हे सर्वजण रोज चेहरे वाचतात आणि त्या वाचनावर दुसऱ्याचे बरेवाईट ठरते. आता तर चेहऱ्यावरून भावना ओळखणारी यंत्रेही निघाली आहेत. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कायद्यात शाळा व कामाची ठिकाणे येथे, वैद्यकीय व सुरक्षिततेची कारणे वगळता, अशा यंत्रांना मनाई केली. यंत्र भुवया व ओठ मोजू शकेल. समोर कोण उभा आहे म्हणून हे ओठ असे झाले, हे त्याला कसे कळणार?

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. मुलाच्या मरणाने भुवयांची टोके वर ओढली जातात, ती कलकत्त्यात, लंडनात आणि बिरसीत सारखीच. या बाबतीत माणूस एक आहे आणि डार्विनच्या परिश्रमांचे हे फार मोठे फळ आहे. परंतु तो चेहरा आपल्याला दिसेल की नाही, हे त्या माणसाइतकेच आपल्यावरही अवलंबून असते. आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील, काहीजण खुर्चीवर बसतील. समोरचा चेहरा कोरा दिसला किंवा भलत्या वेळी हसरा दिसला, तर 'याला काही वाटत नाही' असा निकाल देण्यापूर्वी, 'मी याच्यासमोर कोण म्हणून उभा आहे?' एवढा एक प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा. मानसशास्त्राच्या अभ्यासाचा एवढा उपयोग झाला तरी तो पुष्कळ झाला.